पत्ता घालून पाठवलेला हॅलो

१२ जाने. २००४, सोम., बीड
टेलिफोन खात्यातल्या बांधवांनो, आपली नोकरी आपल्या डोळ्यांदेखत खासगी कंपन्यांच्या घशात चालली आहे...
गुरुवारच्या भाषणाची सुरुवात. पुढे पेन चालेना. दोन वर्षांपूर्वी याच वाक्यानंतर माझ्या जोडीदाराचं, अप्पाचं नाव घेतलं होतं. खासगी कंपनीत गेला म्हणून भर सभेत गद्दार म्हणालो. त्याची बायको समोर बसली होती. टाळ्या लई पडल्या. वीस वर्षं मी खांबावर चढलो ते त्यानं धरलेल्या शिडीवरून.
गणी लाइनमन सांगत आला, "अप्पा रविवारी दुपारी पोराकडं पुण्याला चाललाय. केजचं घर विकलं बे त्यानं."

१५, गुरु.
युनियनचा तिळगूळ. माइकवरून म्हणालो, माझ्या बोलण्यानं कुणाचं मन दुखावलं असेल तर माफी मागतो. पुन्हा टाळ्या.
मी मंचावरून उतरताना गणी : "भारी बोललास. पण अप्पा कुठं हाय इथं?"

१६, शुक्र.
राउटरचं प्रशिक्षण. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. माहितीच्या पाकिटांना वाट दाखवणारी लेबलं वाटण्याआधी प्रत्येक राउटर आपले शेजारचे राउटर शोधतो. दर पाच सेकंदांना सगळ्यांसाठी एक हॅलो. पंधरा सेकंद समोरून हॅलो आला नाही, की तो शेजारी यादीतून बाद. पंधरा सेकंद. आमची दोन वर्षं...
मला बीडहून केजचा राउटर जोडायला दिला. मध्ये तिसरा राउटर. तासभर हॅलो सोडले, केज दिसेना.
मॅडम म्हणाल्या, "काका, हा हॅलो पहिल्या राउटरच्या पुढं जात नाही. लांबच्याला त्याचा पत्ता घालून पाठवावा लागतो."
"आणि त्यानं घेतलाच नाही तर?"
"तिकडूनही मान्य असावं लागतं. ते आपल्या हातात नसतं."
पत्ता घातला. केज दिसलं. सगळे वाहवा करत होते. मी नळावर जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ.

१७, शनि.
अप्पाच्या घरी फोन केला. वहिनींनी उचलला. नाव सांगितलं. मग : "हायत घरात. पण घेत न्हाईत."
त्यांनी फोन ठेवला नाही. मीच ठेवला.
गावाला आवाहनं करत फिरणाऱ्या माणसा, एवढं एकच कर. उद्या पहिल्या एस्टीनं केजला जा, अप्पाच्या दारात उभा राहा आणि त्याचं नाव घेऊन माफी माग.