बाबांच्या कामांच्या वाटणीत घर क्रमांक सातला शून्य आल्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
सामाईक खर्च व कामवाटप समिती,
सहनिवास कार्यालय, तळमजला
(कपडे वाळवायच्या खोलीला लागून)

विषय : कै. वडिलांच्या कामांपैकी निदान एक काम अर्जदारास मिळणेबाबत.
संदर्भ : फळ्यावरील आपला ठराव, हिरवा खडू.

महोदया,

आपण मला कडेवर घेऊन फिरवलेलं आहे. तरी 'मावशी' न लिहिता 'महोदया' लिहितो, कारण कार्यालयाच्या दारावर 'चपला व नाती बाहेर काढावीत' अशी पाटी आहे. ती बाबांनीच रंगवली असल्याने मोडवत नाही.

१. आपल्याकडे सामाईक खर्च घरटी सारखा, आणि ज्याला रोख झेपत नाही त्याने कामाने भरावा, असा नियम आहे. शिलाई मशिनं दुरुस्त करण्याच्या कमाईत बाबांना रोख कधीच झेपलं नाही. त्यामुळे जिन्यातले दिवे, टाकीचा व्हॉल्व्ह, गुरुवारची मोठी भांडी आणि खालच्या सामाईक जेवणाची घंटा त्यांच्याकडे होती.

२. बाबा गेल्यावर समितीने आमचा वर्षाचा वाटा माफ केला व त्यांची कामं उरलेल्या नऊ घरांत सारखी वाटली. दिवे दातांच्या डॉक्टरांकडे, व्हॉल्व्ह गणिताच्या बाईंकडे, भांडी बेकरीवाल्या काकांकडे, घंटा नव्या जोडप्याकडे. बाकी किरकोळ इतरांकडे. हिशोब चोख आहे. फक्त बाबा नऊ घरांत गेले आणि स्वतःच्या घरी कणभरही आले नाहीत, एवढंच नम्रपणे निदर्शनास आणतो.

३. मी काही कामं परस्पर केली, हे मान्य आहे. व्हॉल्व्ह मी बाईंच्या आधी जाऊन उघडला. बाईंनी मागाहून येऊन नेहमीसारखा फिरवला, म्हणजे बंद केला. त्या दिवशी दहाही घरं कोरडी राहिली. हा दोष घरटी सारखा वाटून घ्यावा.

४. गुरुवारी मी काकांच्या आधी मोठं पातेलं घासायला घेतलं. काका म्हणाले, "ठेव रे बाळा, तुला माफ आहे." मी विचारलं, "पण मी केलंय काय?" यावर काका पातेल्यात वाकून इतके रडले की ते पुन्हा विसळावं लागलं. पाण्याचा अपव्यय माझ्या नावे लिहावा.

५. आता मुख्य तक्रार. नवं जोडपं घंटा वेळेवर वाजवतं, गोडही वाजवतं. परंतु बाबा घंटा वाजवून झाल्यावर आमच्या खिडकीखाली येत आणि ओरडत, "साहेब, उतरा! जेवण निवतंय. का ताट वर पाठवू, सहीला?" मी उशिरा उठतो म्हणून साहेब. सगळं आवार हसायचं. मी चिडून, मुद्दाम सावकाश उतरायचो.

ही हाक वाटणीच्या यादीत नाही. डॉक्टरांना विचारलं, बाईंना विचारलं. कोणाच्याच वाट्याला आलेली नाही. जोडप्याने "आम्ही मारू का हाक?" असं विचारलं. माणसं चांगली आहेत. पण त्यांनी मला 'सर' म्हटलं.

घंटा झाली की मी अजूनही पायात चपला घालून दाराशी बसतो. हाक आली की उठायचं, असं पायांना वळण आहे. हाक येत नाही. मग जेवण खरोखरच निवतं, आणि आपण झाकून वर पाठवता. ताटासोबत सहीला कागद नसतो.

६. तरी विनंती की माफी रद्द करून घंटा माझ्याकडे द्यावी. मी ती वेळेवर वाजवीन. मग आमच्या खिडकीखाली जाऊन 'साहेब, उतरा' असं ओरडेन. वर कोणी नसेल, याची मला कल्पना आहे. पण मी तेव्हा खालीच असेन, म्हणजे साहेब उतरले असंच धरावं, आणि माझं ताट सगळ्यांबरोबर वाढावं.

आपला नम्र, आणि अद्याप वरच असलेला,
(सही)
साहेब
घर क्रमांक सात
गुरुवार

सोबत :
१) मोठ्या पातेल्याचं झाकण. झटापटीत माझ्याकडे राहिलं.
२) बाबांचा भांडी घासायचा हातमोजा, डावा. उजवा काकांकडे आहे. तो परत मागू नये. हाही त्यांनाच द्यावा, त्यांना बसतो.