क्वीनीचा बॅलन्स

३ नोव्हेंबर १९३६, मंगळवार

आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, आमगावच्या बाजारात, चुन्नीलाल नालबंदाने माझ्या घोडीच्या पुढच्या उजव्या खुराची आतली कड प्रमाणाबाहेर तासली. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. पुढे लागेल.

मी तिथल्या तिथे फूटपट्टी लावून फरक दाखवला. तो म्हणाला, बाईसाब, घोडी है, टेबल नहीं. आजूबाजूचे हसले. त्याचे मी सोडून देते. पण अनुसया! माझ्या धाकट्या भावाची, कै. केवळरामची बायको. दर मंगळवारी माझ्या बग्गीतून, माझ्या शेजारी डाव्या हाताला बसून बाजाराला येणारी. ती चारचौघांत नालबंदाच्या बाजूने बोलली.

"बाई, तुम्ही शाळा सोडली, पण शाळेनं तुमाले नाही सोडलं. करू द्या ना त्याले त्याचं काम."

मी शांतपणे एवढेच म्हणाले, की जिला घड्याळ पाहता येत नाही तिने मोजमापात बोलू नये. ती टोपली उचलून कुणाच्या तरी बैलगाडीत बसून निघून गेली. टेम्पर कोणाचे गेले ते उघड आहे.

यापुढे क्वीनीची खुरे मी स्वतः सांभाळणार. अनुसयाशी ती बोलेपर्यंत बोलणार नाही.

८ नोव्हेंबर

या आठवड्यात बग्गीने पोस्टात, स्टेशनावर आणि दोनदा शाळेच्या चौकशीला जाऊन आले. (नव्या मास्तरणीला वर्ग आवरत नाही.) क्वीनी उजव्या पायावर लंगडते आहे. मला आनंद झाला असे नाही, पण समाधान झाले. माझी फूटपट्टी खरी ठरली.

९ नोव्हेंबर, सकाळ

मसाज सुरू. मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये मदर क्लेमेंटाइन दुधाच्या गाडीच्या तट्टाला करीत, तोच. मोहाच्या बियांचे कोमट तेल. मानेपासून सुरुवात, बोटांच्या टोकांनी, गोल गोल, हलक्या हाताने. घाई करायची नाही. आवाज चढवायचा नाही. पाठीशी पोचेपर्यंत क्वीनीचे डोळे मिटले आणि खालचा ओठ लोंबू लागला. इतकी कृतज्ञता तीस वर्षांत एकाही स्कूल कमिटीने दाखवली नाही.

सुकराम, माझा गडी, खरारा हातात घेऊन बघत होता. म्हणाला, पुढच्या जन्मी घोडीच होतो म्हणतो, बाई. मी त्याला गोठा झाडायला सांगितले.

११ नोव्हेंबर

गवंड्याकडून ओळंबा आणला. कानस सुकरामने आणली. चारही खुरे स्वतः घासली. क्वीनीने माझ्या पावलावर पाय ठेवला, पण त्यात राग नव्हता. आता खुरे शास्त्रशुद्ध आहेत. एका रेषेत.

संध्याकाळ. क्वीनी चालत नाही. उभी मात्र फार सरळ राहते.

१५ नोव्हेंबर

दिवाळी. अनुसयाने अनारसे पाठवले. निरोप नाही. नुसते अनारसे म्हणजे बोलणे नव्हे, तेव्हा मीही काही पाठवले नाही. परत करणे असभ्य दिसले असते म्हणून खाल्ले. साखर जास्त.

१९ नोव्हेंबर

मुन्नालाल वीटभट्टीवाला दारात उभा. कोणी बोलावले होते? म्हणतो, सुलोचनाबाई, लंगडी झाली म्हणतेत घोडी, विकून टाका. भट्टीवर माती ओढायले लंगडी बी चालते. जितके दिवस चालते तितके दिवस.

त्याला मी इंग्रजीत उत्तर दिले. कळले नसावे, पण गेला. नंतर क्वीनीच्या मानेवर बराच वेळ हात ठेवून उभी राहिले. मसाजचाच भाग.

संकल्प: दोन वेळा मसाज. कानस पुन्हा हातात धरायची नाही. (सुकरामने लपवली आहे. तशी गरज नव्हती.)

२३ नोव्हेंबर

गोंदियाहून ढोरांचे डॉक्टर आले. तरुण माणूस, शिकलेला, म्हणून अपेक्षा होती. खुरे पाहून विचारले, ये किसने काटा. मी सांगितले, दुरुस्ती चालू आहे. मग त्यांनी क्वीनीच्या पाठीवर उजव्या बाजूला नुसता अंगठा दाबला, तशी ती थरथरली. डावीकडे दाबला तर कान सुद्धा हलवला नाही.

त्यांनी बग्गीभोवती एक फेरी मारली. कोण बसते? मी. कुठे? उजवीकडे, हाकणारा उजवीकडेच बसतो. आणि डावीकडे? कोणी नाही. पहिल्यापासून? मी म्हटले, तीन तारखेपासून, पण त्याचा खुराशी काय संबंध.

म्हणाले, सगळा भार उजव्या दांडीवर येतो आहे, घोडीच्या पाठीवरची साजाची गादी एकाच बाजूला रुतते, म्हणून घोडी पाय चोरते. पंधरा दिवस बग्गीला जुंपू नका. "और फिर बीच में बैठिए, बाईजी. पीठ पक गई तो घोड़ी गई."

मी त्यांना सांगितले, मी कुठे बसावे हा पशुवैद्यकाचा विषय नाही. चहा दिला. बिस्किटे दिली नाहीत.

मधोमध बसायचे म्हणे. मधोमध बसणे म्हणजे इथून आमगावपर्यंत साऱ्या रस्त्याला ओरडून सांगणे, की या बग्गीत आता दुसरे कोणी येणार नाही. बॅलन्स इतर मार्गांनीही साधता येतो.

२७ नोव्हेंबर

पंधरा दिवस म्हणजे अज्ञानी लोकांसाठी. चार दिवसांच्या मसाजने क्वीनी ताजीतवानी दिसत होती.

उपाय सापडला. धानाचे पोते, डाव्या जागेवर, दोरीने बांधून. सुकरामने विचारले, किती भरू, अनुसयाबाईइतकं भरू काय? मी म्हटले, साधारण. त्याने भरून, लांबून एक डोळा मिटून पाहिले आणि आणखी दोन पायल्या घातल्या. धूळ लागू नये म्हणून पोत्यावर माझी जुनी शाल.

गावाबाहेर पडेपर्यंत प्रवास उत्तम. पोते टोमणे मारीत नाही, पान मागत नाही, रस्त्यात ओळखीच्यांसाठी बग्गी थांबवायला लावीत नाही. अर्धा कोस कोणी एक शब्द बोलले नाही. फारच शांतता होती.

मग धान कापणाऱ्या बाया. नंदाबाई विळा घेऊन बांधावर आली आणि थेट पोत्याला म्हणाली, "काऊन वो अनुसयाबाई, रागावून राहिली काय? बोलत नाही?" मी बग्गी थांबवली नाही. मागे हसू ऐकू येत होते.

रेल्वेच्या फाटकाशी चाक रुळावरून उसळले. दोरी सुटली. पोते माझ्या अंगावर. पोते आणि मी, दोघी उजवीकडे. क्वीनी जागच्या जागी थांबली. गाडी यायची वेळ, फाटकवाला ओरडतो, धान रुळांवर सांडलेले. चार माणसांनी मला बाजूला केले, मग पोते. आधी पोते का नाही, हे मी विचारले.

घरी पायी आले, क्वीनीचा लगाम धरून. ती चावली नाही. तिच्या जागी मी असते तर चावले असते.

२९ नोव्हेंबर

पाठीवर उजवीकडे सूज. डॉक्टरांचे औषध लावते. मसाज फक्त मानेला.

मुन्नालालचा माणूस दोनदा गल्लीतून गेला.

सुकराम सांगत होता, अनुसया हल्ली बाजाराला डोक्यावर टोपली घेऊन पायी जाते. जाऊन येऊन चार कोस. मी विचारले नव्हते. तिचे गुडघे दुखतात हे मला ठाऊक आहे. तेल हवे असेल तर मागावे. कोमट करूनच देईन. लावून देणार नाही.

२ डिसेंबर

लावूनही दिले असते. प्रश्न तत्त्वाचा आहे.

५ डिसेंबर, शनिवार, दुपारी

सूज उतरली. अंगणात चालवून पाहिली, लंगडत नाही. डॉक्टर पुन्हा पाहून गेले. मंगळवारपासून जुंपा म्हणाले, पण पुन्हा एका बाजूला भार पडला तर मला बोलावू नका, मुन्नालालला बोलावा. असे बोलतात सरकारी नोकर.

जेवून उठते तो सुकरामने न विचारता बग्गीतली माझी बसायची गादी मधे सरकवली होती. मी परत उजवीकडे सरकवली. त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, "बाई, घोडी पाहिजे का नाक, एक काय ते ठरवा."

ठरवले आहे. सुकरामने अनुसयाकडे जाऊन खालील मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवावा. तो चौथी पास आहे, माझ्याच हाताखाली.

नालबंदाबाबत माझे म्हणणे कायम आहे. अनारसे मिळाले. मंगळवारी सकाळी सात वाजता बग्गी तुझ्या दारावरून जाईल आणि तिथे थांबेल. तू डाव्या जागेवर बसणार की नाही, याचे लेखी उत्तर सोमवार, ७ डिसेंबर, सायंकाळी पाचच्या आत मिळावे. लिहिता येत नसल्यास सुकरामला तोंडी सांगितलेले लेखी धरले जाईल. पाचनंतर आलेले उत्तरही एखाद वेळ विचारात घेता येईल.

उत्तर न आल्यास मंगळवारपासून मी मधोमध बसेन.