शेजारणीची पुडी

प्रिय वैद्यबुवा,

इतकं जाडजूड पाकीट माझ्याकडून तुला कधी आलेलं नाही, त्यामुळे ते हातात घेतानाच तू दचकला असशील. घरी सगळे बरे आहेत. तुझे दाजी ठणठणीत आहेत, चहात साखर कमी पडली की अजून तसंच नाक मुरडतात. लेक तिच्या नव्या नोकरीत रमली आहे, आठवड्यातून एकदा फोन करते आणि त्यातला अर्धा वेळ साहेबाला नावं ठेवण्यात घालवते. मीही फोनच करणार होते. पण माझा आवाज ऐकून दुसऱ्याच वाक्याला तू विचारलं असतंस, ताई, काय झालं, आणि मी सवयीनं काही नाही म्हणून मोकळी झाले असते. म्हणून कागद घेतला. आधीच सांगून टाकते, मी घाबरले आहे. सोमवारपासून आज चौथा दिवस, घास तोंडात फिरत राहतो आणि खाली उतरत नाही. कशानं घाबरले ते सांगायला थोडा वेळ लागेल, मला माझ्या ओघानं सांगू दे.

आपलं भांडण किती जुनं आहे रे. एकाच घरातून सकाळी दोघं बाहेर पडायचो, मी पांढरा कोट पिशवीत घालून दवाखान्याच्या तपासणी विभागात, आणि तू त्या म्हाताऱ्या वैद्यांकडे मुळ्या कुटायला. संध्याकाळी चहाच्या कपावर आपली जुंपायची. मी म्हणायचे, तीन बोटं मनगटावर ठेवून तू डोळे मिटतोस ना, ती चक्क डुलकी असते. जे मोजता येत नाही ते औषध नव्हे. तू म्हणायचास, तुम्ही माणसाचा तुकडा काढून काचेवर बघता, पण बाकीचा माणूस बाहेर बाकावर बसलेला असतो, त्याच्याकडे कोण बघतं? आई पोळपाट घासता घासता ऐकायची. एकदा म्हणाली, एक काचेतून बघते, दुसरा डोळे मिटून बघतो, सरळ डोळे उघडून माणसाकडे बघणारं माझ्या पोटी कुणी आलंच नाही. आपण तिघंही किती हसलो होतो तेव्हा.

मग आईला छातीत गाठ निघाली आणि त्या भांडणातली थट्टा गेली. तू पहिल्या दिवशीच म्हणालास की तिला मोठ्या दवाखान्यात ने, फक्त भूक लागावी म्हणून माझा एक काढा चालू ठेवू दे. मी फणकारले. दवाखान्याच्या औषधांबरोबर काय चालतं आणि काय नाही ते डॉक्टरांना विचारून ठरवता आलं असतं. मी विचारलंच नाही. माझ्या देखत ती पातेली गॅसवर चढणार नाहीत, एवढंच म्हणाले. तू निमूटपणे पातेलं खाली ठेवलंस. आईच्या गाठीचा तुकडा माझ्याच टेबलावर आला होता. मेणाच्या ठोकळ्यात बसवून, केसापेक्षा पातळ काप काढून, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर मीच घेतला, जांभळा आणि गुलाबी रंग मीच चढवला. आमच्या विभागातले मोठे डॉक्टर म्हणाले होते, सहा महिने आधी आणलं असतंत तर. पुढे चौदा महिने ती होती. तिचे केस गेले, चव गेली, शेवटी शेवटी तर माझी पावलं वाजली की ती डोळे मिटून घ्यायची, कारण मी आले म्हणजे पुन्हा कुठेतरी न्यायला आले. तू मात्र आलास की पाय पुढे करायची. तू तेल लावत बसायचास आणि तिला झोप लागायची. ती गेली त्यानंतर मी वाट बघत राहिले की तू कधीतरी म्हणशील, ताई, काय मिळवलंस. सहा वर्षं झाली, तू एका शब्दानं बोलला नाहीस. तुझ्या वाटचं ते सगळं मीच स्वतःला ऐकवत राहिले.

आता शेजारणीचं. गेल्या आठ महिन्यांत तू तिच्यासाठी आठ पुड्या पाठवल्यास. हात हातात घेतल्याशिवाय पुडी बांधायची नाही हा तुझा नियम. गावोगावच्या लोकांनी फोनवर गळ घातली तरी तू कधी मोडला नाहीस, माझ्यासाठी मोडलास. मीही गळ कमी घातली नाही. शेजारची बाई आहे, एकटी आहे, भित्री आहे, दवाखान्याचं नाव काढलं की विषयच बदलते, इतक्या लांबचा प्रवास तिला झेपायचा नाही, काहीतरी दे. तू आधी बाईंची भूक, झोप विचारून घेतलीस. मग म्हणालास, तू मागतेयस म्हणजे बाई खरंच अडली असणार. आयुष्यभर माझ्या पुड्यांना नाक मुरडणारी तू. हे म्हणताना तू हसला होतास. मला हसू आलं नाही.

प्रत्येक पुडीबरोबर तुझी चिठ्ठी यायची. वर किती घ्यायची, कशातून घ्यायची, आणि खाली न चुकता तेच: बाईंना आधी तपासून घ्यायला सांग, गाठ माझ्या हातातली गोष्ट नाही, मी फक्त भूक आणि झोप देतोय. तिसऱ्या महिन्यात मी तुला लिहिलं की गाठ लिंबाएवढी होती ती आता बोराएवढी झाली. तुझा आनंद उतू जाईल असं मला वाटलं होतं. तू उलट लिहिलंस, माझा विश्वास बसत नाही, लिंबं-बोरं सांगू नकोस, पट्टी लावून मोज आणि कळव. अरे, तू मला मोजायला सांगत होतास. माझ्या कोटाच्या खिशात पंचवीस वर्षं एक छोटी पट्टी आहे, आलेला प्रत्येक तुकडा मी तिनं मोजते आणि वहीत लिहिते. ती पट्टी मी आठ महिन्यांत एकदाही लावली नाही. कारण गाठ बोराएवढी होती, तीच लिंबाएवढी झाली होती. मी ते उलटं करून लिहिलं होतं. आणि शेजारी, तुला माहीत नाही, पण आमच्या शेजारी गेली दोन वर्षं कुणीच राहत नाही. त्या दाराला कुलूप आहे. तुझ्या सगळ्या पुड्या मी घेतल्या, वेळच्या वेळी, कोमट पाण्यातून. गाठ माझ्या डाव्या बाजूला आहे, आईच्याच जागी.

इथपर्यंत वाचून तू उठून खिडकीशी गेला असशील. जरा बस परत. मला ठाऊक आहे की हे कुणाला सांगितलं तरी कुणाचा विश्वास बसायचा नाही. जिच्या हाताखालून हजारो लोकांच्या गाठी गेल्या, जिला उशीर म्हणजे काय ते पाठ आहे, तिनंच असं करावं. पण मला नीट माहीत होतं म्हणूनच मी गेले नाही. आईला ज्या वाटेनं मी ओढत नेलं त्या वाटेवरचा प्रत्येक दरवाजा मला माहीत आहे. आंघोळीच्या वेळी हाताला गाठ लागली तेव्हा जिवाचं पाणी झालं, आणि तशा अवस्थेत मला तुझी ती समोरची खोली आठवली. ते लाकडी खण, तो मुळ्यांचा वास, बाकावर निवांत बसलेली माणसं, तिथे कुणाला घाई नसते आणि कुणी कुणाला घाबरवत नाही. मला औषध नको होतं. मला फक्त काहीतरी चाललंय असं वाटायला हवं होतं. तुझ्या पुडीनं भूक लागली, झोप लागली, आणि मी त्याच्यावर स्वतःला फसवत राहिले. दाजींनाही काही कळू दिलं नाही. त्यांना साखर कमी पडलेली कळते, बायको कमी होत चाललेली कळत नाही. त्यांना तरी काय बोल लावू, मीच पदर सावरून फिरत होते.

पंधरा दिवसांपूर्वी आमच्या खिडकीवर एक शिवणकाम करणारी बाई रिपोर्ट न्यायला आली. तिची गाठ फुटेपर्यंत तिनं कसलेकसले लेप लावले होते. किती महिने अंगावर काढलं ते कागदावर वाचून माझं डोकं फिरलं. मी नेहमीचं सुरू केलं, इतके महिने झोपला होतात का, शिकल्यासवरलेल्या दिसता, कळत कसं नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या बोटाला अजून शिवताना घालायचं अंगुस्तान होतं, काढायचं राहून गेलं असावं. मग म्हणाली, "कळत होतं हो बाई. म्हणूनच आले नाही." आणि रिपोर्ट घेऊन, घडी घालून, पिशवीत ठेवून गेली. मी खिडकीमागे उभी राहिले ती राहिलेच. रांगेतला पुढचा माणूस दोनदा खाकरला तेव्हा भानावर आले.

त्यानंतरही मला आठ-दहा दिवस लागले. या सोमवारी शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे जाऊन सुईची तपासणी करून घेतली. मला ओळखतात ते. त्यांनी विचारलं, किती दिवसांपासून? मी आठ महिने म्हणाले आणि त्यांनी मान खाली घालून लिहायला घेतलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. माझा तुकडा बुधवारी माझ्याच टेबलावर आला. दुसरी तंत्रज्ञ रजेवर आहे. मी साहेबांना सांगून तो दुसरीकडे पाठवायला हवा होता, तेवढी अक्कल मला होती. पण माझं नाव लिहिलेला तो मेणाचा ठोकळा परक्या हातात द्यायलाही मन होईना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा काप फाटला. दुसरा चुरगळला. तिसरा नीट आला. रंग चढवून झाल्यावर तो बरोबर बसलाय का, एवढंच आम्ही सूक्ष्मदर्शकातून बघायचं असतं, बाकीचं काम मोठ्या डॉक्टरांचं. मी रंग बघितला. रंग छान आला होता. आणि जे बघायचं नव्हतं तेही दिसलं, तीच जांभळी गर्दी, आईच्या काचेवर होती तीच. मी डॉक्टर नाही, माझं चुकत असेल. पण मला नाही वाटत चुकत असेल. मोठे डॉक्टर बाहेरगावी गेलेत, सोमवारी येतील. तोवर ती काच ट्रेमध्ये बाकीच्या काचांबरोबर पडून आहे आणि मी तिच्या शेजारी बसून इतरांचे तुकडे कापते आहे. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते मला आता कळलं.

एक गोष्ट नीट ऐक, कारण तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू आता सगळे खण रिकामे करून दुकान बंद करायला निघशील. तसं काही करायचं नाही. तू काही बिघडवलं नाहीस. तुझ्या आठही चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत, काचा ठेवायच्या लाकडी पेटीत, एकही फेकली नाही. आठ वेळा तू तिला दवाखान्यात पाठव म्हणालास आणि आठही वेळा मी ऐकलं नाही. आईच्या वेळीही तू तेच म्हणाला होतास, फक्त माझ्या आवाजापुढे तुझं कुणाला ऐकू आलं नाही. त्या पातेल्याबद्दल मला माफ कर. हे मी सहा वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं.

आणि आता हे पत्र का लिहिलं ते. मी माफी मागायला लिहिलेलं नाही, ती वाटेत आली. सोमवारी मोठे डॉक्टर काच बघतील, मग शस्त्रक्रियेचे डॉक्टर मला आत बोलावतील आणि पुढचं सगळं सांगतील, कापायचं, सलाइन, केस, महिने. मी मान हलवीन, हो म्हणीन, आणि बाहेर आल्यावर मला पळून जावंसं वाटेल. मी स्वतःला आठ महिने ओळखते आहे. मी कुठे पळेन तेही मला ठाऊक आहे, तुझ्याकडेच, आणखी एखाद्या शेजारणीचं नाव घेऊन. आता ते नाव कोणाचं, हे तुला माहीत झालं. आता मला तिथून पुडी मिळणार नाही. तो एक दरवाजा मी या पत्रानं माझ्या हातानं लावून घेतला, पुन्हा उघडायची हिंमत होऊ नये म्हणून. पत्र कुरियरनं पाठवतेय, शनिवारी मिळेल. रविवारची गाडी पकड. दाजींना तू आल्यावर दोघं मिळून सांगू, मला एकटीला जमायचं नाही. मी रडेन, भांडेन, आईचे हाल आठवतात का म्हणून तुलाच विचारीन, तेव्हा माझ्या आवाजाला घाबरू नकोस, मला धरून आत ने. येताना औषध आणू नकोस. उभ्या आयुष्यात मी तुला माझ्या मनगटाला हात लावू दिला नाही, थट्टाच केली. सोमवारी दवाखान्यातल्या त्या बाकावर बसल्यावर मी हात पुढे करीन. तुला काय लागतं ते मला सांगू नकोस. डोळे मिट, हवी तर डुलकी घे, पण आतून माझं नाव पुकारेपर्यंत ती तीन बोटं उचलू नकोस.

तुझीच,
ताई