खंडेनवमीला अडकलेला कॉम्प्युटर

सांगवी, गुरुवार

ती. सौ. कुसुमआत्यास,

निमिषचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? काकांच्या कानाचं यंत्र अजून बिघडलेलंच आहे असं आई म्हणाली. (दुरुस्त करून आणतो म्हटलं तर काका म्हणाले, राहू दे, काही अडत नाही.) इकडे आम्ही सगळे ठीक. आता फोन सोडून पत्र कशाला, असं तू विचारशील. फोनवर मी 'हॅलो' म्हणतो आणि त्यापुढचं माझं बोलणंही तूच करतेस, म्हणून पत्र.

रविवारी मिनलचे आईवडील चिखलीहून आपल्याकडे येणार, आणि त्यासाठी तू साताऱ्याहून शनिवारीच येणार, हे कळलं. आनंद झाला. (आनंद झाला असं लिही, असं आईने सांगितलं आहे. पण झालाच.) हे स्थळ जमावं अशी माझी फार इच्छा आहे. मागच्या वेळी मुलीच्या आईने मला विचारलं होतं, स्वयंपाकाची आवड आहे का, आणि मी तोंड उघडायच्या आत तू सांगितलंस की हा पाणी तापवतो तेही करपतं. ते लोक पोहे अर्धवट टाकून गेले. असो. झालं गेलं गंगेला मिळालं.

मधल्या काळात कंपनीत माझ्या हातून एक प्रताप झाला. तो बाहेरून तुझ्या कानावर तिखटमीठ लावून येईल, त्यापेक्षा मीच सांगतो. आमची महाळुंग्याची कंपनी लहान आहे. ब्रेकच्या नळ्यांचे जोड मोजणं, खोक्यांवर लावायची लेबलं छापणं आणि कामगारांची हजेरी, सगळं एकाच कॉम्प्युटरवर चालतं. त्यातला मोजणीचा प्रोग्रॅम म्हातारा झालाय. ज्यांनी तो लिहिला त्यांचं दुकान कधीच बंद झालं. यंदाचं साल लागल्यापासून तो उठेचना. नवीन तारीख दिसली की बंद.

आता हे प्रोग्रॅम आतून कसे असतात ते तुला सांगायला हवं. गावात प्रत्येक घर काही पाचशे माणसांच्या भाताचं पातेलं घेऊन ठेवत नाही. गावकीची भांडी असतात, लग्न निघालं की आणायची. तसंच इथे. तारीख विचारणं, अक्षरं छापणं असली रोजची कामं प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः करत नाही, सामाईक लायब्ररीकडून करून घेतो. आणि ही लायब्ररी आधी कुठे शोधायची ते कॉम्प्युटरला चिठ्ठी देऊन सांगता येतं. एका चिठ्ठीचं नाव एलडी लायब्ररी पाथ, म्हणजे भांडी आधी अमक्याच्या घरी बघा. दुसरी एलडी प्रीलोड. ती जास्त जहाल. तिच्यात ज्याचं नाव, तो सगळ्यांच्या आधी येऊन बसतो, आणि प्रश्न कुणालाही विचारला असला तरी उत्तर तोच देतो. (आत्या, वाचत राहा, अजून तुझ्याबद्दल काही म्हटलेलं नाही.)

मी एक चिमुकली लायब्ररी तयार केली. कुणी आजची तारीख विचारली की तिने जुनी तारीख सांगायची, एवढंच तिचं काम. कुठलीही जुनी तारीख चालली असती. पण आमचे जयसिंगसाहेब म्हणाले, यंत्राचं काम आहे, जरा चांगला दिवस बघ. म्हणून मी गेल्या वर्षीची खंडेनवमी दिली. त्या दिवशी आपण सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहतो, नारळ फोडतो, यापेक्षा चांगला दिवस कुठला? आणि तिच्या नावाची ती दुसरी, जहाल चिठ्ठी चिकटवली ती कॉम्प्युटरच्या दारावरच, जिथे सगळे प्रोग्रॅम येताजाता वाचतात. एकेकाला वेगळं कोण सांगत बसणार? एकदाच सगळ्यांना सांगून टाकलं की कटकट नाही, हे आपल्या घरचंच वळण.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीचा प्रोग्रॅम शहाण्यासारखा सुरू झाला. साहेबांनी पाठ थोपटली. दुपारी चाकणच्या गिऱ्हाइकाकडून आमचा टेम्पो मालासकट परत आला. सगळ्या खोक्यांवर खंडेनवमीची तारीख. त्यांच्या तपासणीसाने साहेबांना फोन केला, की त्या दिवशी तुमच्याच स्टेटसवर कंपनी बंद आणि मशीनला झेंडूचे हार होते, मग हा माल काय देवीने बनवला? साहेब फोनवर हसले. फोन ठेवल्यावर हसले नाहीत. तेवढ्यात मशीनवरचा कामगार समाधान चार जणांना घेऊन आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "साहेब, आमी सणाचं कामावर आलो हे हजेरीत हाय. तेवढं डबल ओव्हरटाइमचं बघा." त्याचा यात काडीचा दोष नाही. हजेरीनेही तारीख विचारली होती, आणि तिलाही तेच उत्तर मिळालं होतं.

साहेब मला जे बोलले ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही. शेवटी क्वालिटी विभागातून मिनल आली. तिने स्क्रीन पाहिला, चिठ्ठी वाचली आणि एकच विचारलं, "अरे, एकाला लागणारी गोष्ट सगळ्यांना कशाला लावलीस?" मग चिठ्ठी दारावरून काढून त्या एका प्रोग्रॅमच्या सुरुवातीला लावली. त्याच्यापुरती खंडेनवमी, बाकीच्यांना आजचा वार. संध्याकाळच्या आत टेम्पो नवीन लेबलं लावून गेला. समाधानचा अर्ज मात्र अजून साहेबांच्या टेबलावर आहे.

बाकी विशेष काही नाही. येताना कंदी पेढे आण. काकांना नमस्कार.

तुझा,
निमिष

ता. क. विशेष काही नाही असं वर लिहिलंय, पण आहे. आत्या, मला मिनल आवडते. हे अजून मी माझ्या तोंडाने कुणालाच सांगितलेलं नाही. घरात ते तू सांगितलंस. तिलासुद्धा तूच सांगितलंस, मी अंघोळीला गेलो असताना माझा फोन उचलून. (तू सांगितलं नसतंस तर मी अजून अंघोळच करत असतो, हेही खरं.) रविवारी तिचे वडील मला विचारतील, मुलगी पसंत आहे का? त्या एका प्रश्नापुरती तू गप्प बस. बाकी पगार, पत्रिका, माझं पोट, काय वाटेल त्याची उत्तरं आधी तूच दे. तेवढं एक मला बोलू दे, पाया पडतो.

ता. क. २. पाकीट बंद करायच्या आधी पत्र आईला दाखवलं. तिने दोनदा वाचलं, डोळे पुसले, छान लिहिलंयस म्हणाली. बाबांनीही वाचलं आणि आईकडे पाहिलं. मग दोघं एकदमच म्हणाले, पाठव, पण आधी आत्याला विचार. म्हणून आता फोन लावतोय. आत्या, पाठवू का?