छतावरची पॅनेलं दक्षिणेला फिरवण्याबाबत

मी, दानम्मा भ्रतार सिद्धलिंग धनुरे, धंदा घरकाम आणि घरातल्यांना टोचून बोलणं, राहणार लातूर, जुन्या गूळ मार्केटच्या मागची गल्ली, हे मृत्युपत्र तोंडानं सांगून लिहवून घेते. वयाचा दाखला नाही, कारण शाळेचं तोंड पाहिलं नाही. ऐंशीच्या अलीकडं-पलीकडं असेन. डोकं शाबूत आहे. डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय, पण त्यांनी मला आजचा वार तेवढा विचारला. कुणाची जबरदस्ती नाही, कुणाची करायची हिंमतही नाही. लिहिणारे श्रीशैल वकील आमच्या भावकीतले. ते मधूनमधून "काकू, असं लिहिता येत न्हाई" म्हणून राहिलेत. मी म्हटलं, तेही लिहा.

कलम एक. घर मालकांनी, म्हणजे सिद्धलिंग यांनी, हयातीतच माझ्या नावावर केलं होतं. ते माझ्यामागं मुलगा महांतेश याचं. मात्र छत, जिन्यावरची खोली आणि छतावरचं सोलर यांचा पूर्ण हक्क सून मंजुश्री हिचा. महांतेशला वर जायचं असेल तर त्यानं बायकोला विचारून जावं. कारण पुढं येईल.

कलम दोन. बँकेतली ठेव मुलगी शिवकांता हिला, जी नायगावला दिलेली आहे. ती "मला काई नको" म्हणते. म्हणताना पासबुकाकडं बघते, ते मी बघते.

कलम तीन. जातं आणि उखळ. ज्याला दळायचं-कांडायचं असेल त्यानं न्यावं. दारात ठेवून त्यात फुलझाड लावणाऱ्यानं हात लावू नये.

कलम चार. दीर शेषेराव यांनी आमचं तांब्याचं घंगाळ नेलं आणि "नेलंच न्हाई" म्हणून आजवर सांगितलं. ते घंगाळ या कलमान्वये त्यांनाच देण्यात येत आहे. आता उजळ माथ्यानं त्यात अंघोळ करावी.

कलम पाच. सोलरचं. इथं माझी जीभ जड होते, वकिलांनी घाई करू नये.

विजेचं मीटर माझ्या नावावर, म्हणून सोलरच्या अर्जावर अंगठा माझा लागणार होता. मंजुश्रीनं सोलर बसवणारा असा शोधला की लेकीला स्थळही कुणी इतकं बघत नाही. ज्यांच्याकडं बसवून पावसाळे गेलेत त्यांच्या छतावर जाऊन आली. बिघडल्यावर फोन उचलतात का, हे त्यांच्या बायकांना विचारून आली. शेवटी तिनं रेणापूरची उज्वला कातळे निवडली. ही पोरगी आली, चहा नको म्हणाली, चपला काढून शिडीनं वर गेली, खाली येऊन म्हणाली, "आजी, पॅनेलं दक्षिणेला तोंड करून बसवावी लागतील, जिन्याच्या खोलीची सावली सोडून."

"दक्षिण यमाची," मी म्हटलं. "माझ्या घराचं तोंड तिकडं होणार न्हाई."

"घराचं न्हाई आजी, पॅनेलचं."

मग मी जे बोलले ते असं, की बाईमाणसानं छतावर चढून मला दिशा शिकवू नयेत. ती उठली. "मग मी बसवत न्हाई. उद्या तुम्हीच म्हणाल, उज्वलानं फसवलं."

त्यानंतर मी माझा माणूस बोलावला. नांदेडचा अमरनाथ. पाया पडला, दोनदा चहा प्याला, मला माय म्हणाला. उत्तरेला बसवा म्हटलं, "हाव माय." रस्त्यावरून दिसतील अशी उंच उभी करा म्हटलं, "हाव माय." एवढा गुणी माणूस मला घरात कधी मिळाला नव्हता. मी अंगठा केला. पैसा मंजुश्रीनं माहेरच्या पाटल्या मोडून उभा केलेला.

दिवाळी सरली आणि पॅनेलं सूर्याकडं पाठ करून बसली. वीजबिल होतं तिथंच आलं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलून जातो, हे मला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. थंडीत गोधड्या मी जन्मभर दक्षिणेच्याच कठड्यावर वाळत घातल्यात. अमरनाथला फोन लावला तर रिंग वाजत राहते.

आमचे वीरण्णा स्वामी छत बघून म्हणाले, "दानम्मा, गळ्यात लिंग बांधलेल्या बाईला दक्षिणेचं भ्या कधीपास्नं?" भ्या नव्हतंच. सुनेनं मला न विचारता एक गोष्ट नीट ठरवली होती, ती मोडायला मला दिशा लागली.

कलम सहा. शरमेचं. वकील म्हणतात अशी मिळकत नसते. माझ्याकडं ही एकच नवी आहे.

नायगावला शिवकांताच्या लेकीचा साखरपुडा होता. पंगतीत आमचे व्याही, शिवकांताचे सासरे, म्हणाले, मंजुश्रीबाईंचं सोलर पावसाळ्यात छत्री म्हणून तरी कामाला येतं का. सगळे हसले. मीही हसले. तोंडात घास होता तरी हसले. मंजुश्रीनं माझ्याकडं एकदा पाहिलं, म्हणाली, "हाव, माझंच चुकलं निवडायला," आणि मला भात वाढला.

मी या घरात कुणाला टोचायचं सोडलं नाही. या एका गोष्टीवरून मला मात्र अजून कुणी टोचलं नाही. तेवढ्यावरून समजते, गोष्ट किती वाईट झाली.

मी वकिलांना सांगितलं होतं, लिहा, माझ्यामागं उज्वलाला बोलावून पॅनेलं दक्षिणेला फिरवावीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "काकू, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतं. तवर उत्तरेलाच?"

म्हणून लिहिणं थांबवलं आणि मंजुश्रीकडून नंबर घेऊन मीच बोलले. उज्वला आली. मी माफी मागत होते, तर म्हणाली, आजी, आधी वर जाऊन येते, माफी काई पळून जात न्हाई. तिनं सांगाडा कापून बुटका केला, सावलीतून बाजूला घेतला, तोंडं दक्षिणेला केली. आज हे लिहिलं जात असताना तिची माणसं वर शेवटचे नट आवळून राहिलीत.

मग मी हातातल्या पाटल्या काढून मंजुश्रीसमोर ठेवल्या. तिनं परत सरकवल्या. "नको आत्याबाई. पाटल्या मोडताना कुणी बघितलं नव्हतं. हसताना सगळ्यांनी बघितलं."

मी म्हटलं, मंजे, नायगावला जाऊन तोंड उघडायचं म्हणजे मरण बरं. ती म्हणाली, "ते तुमचं तुम्ही बघा," आणि आत गेली. माझ्याशी ती इतकं उलटून कधी बोलली नव्हती. बरं वाटलं.

कलम सात. सबब, सोलर उत्तरेला मी बसवलं, मंजुश्रीनं निवडलेली बाई मी हाकलली आणि पंगतीत मी हसले, हे मी नायगावच्या मंडळींसमोर माझ्या तोंडानं सांगितलं असेल तर हे कलम वाचू नये. सांगितलं नसेल, तर मला माती द्यायच्या आधी, सगळे जमलेले असताना, व्याह्यांना पुढं बसवून, श्रीशैल वकिलांनी मोठ्यानं वाचावं. मी तेव्हा उठून काही बोलू शकणार नाही, याची सर्वांनी खात्री बाळगावी.

वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा ऐकताना जास्त लाज वाटली, म्हणजे बरोबर लिहिलाय.

डाव्या हाताचा अंगठा: दानम्मा भ्र. सिद्धलिंग धनुरे
साक्षीदार: वीरण्णा स्वामी, लातूर (सही)
साक्षीदार: उज्वला ग्यानोबा कातळे, रेणापूर (सही)
लातूर, दिनांक ६ फेब्रुवारी २०२५

पुरवणी

नायगावला नातीच्या लग्नात, जेवणं उरकायच्या आत, मी व्याह्यांसमोर उभं राहून सगळं सांगितलं. शिवकांता मागून पदर ओढत होती. मग व्याही म्हणाले, "विहिणबाई, आमचा गोठा बांधायलोय, त्याचं तोंड कुणीकडं करावं?"

सगळ्यांच्या आधी मंजुश्री हसली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मी मान खाली घालून उभी राहिले आणि तिला पोटभर हसू दिलं.

माझ्या पाटल्या आता तिच्या हातात आहेत. कलम सात वाचू नये.

डाव्या हाताचा अंगठा: दानम्मा भ्र. सिद्धलिंग धनुरे
साक्षीदार: वरीलप्रमाणे तेच
लातूर, दिनांक ११ मे २०२५