जाखाईच्या डोंगराची अट

११ जानेवारी १९८७, रविवार

चालून दाखव म्हणाली! दारापासून खिडकीपर्यंत, आणि खिडकीपासून परत. मुलाची आत्या, चांगुणाबाई. तोंडात पोह्यांचा घास होता तिच्या. पोहे मी केलेले. आवडले म्हणून दुसऱ्यांदा मागून घेतले, आणि वर चालून दाखव!

देवगाव फाट्याहून बघायला आले होते. मुलगा, त्याचे वडील दिनकरराव आणि ही आत्या. माझ्या डाव्या पायाचं दादांनी आधीच कळवलं होतं — लहानपणी तापात गेला, बारीक आहे, पोरगी लंगडते. काही लपवलेलं नव्हतं. तरी चालून दाखव. एरवी मी गुडघ्यावर हात दाबून चालते, म्हणजे पाय दगा देत नाही. आज लाजेनं हात लावला नाही, त्यामुळं जास्तच लचकले. सगळे पायाकडं बघत होते. तोंडाकडं एकानंही बघितलं नाही. मुलगा तर बशीत बघत होता. सिताराम नाव. आवाज ऐकलाच नाही त्याचा.

माय म्हणते, सगळ्याच पोरींना चालायला लावतात, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. म्हणजे सगळ्यांचा अपमान झाला की तो अपमान राहत नाही वाटतं!

१२ जानेवारी

बालवाडीत शिकवायला गेले नाही. उद्याही जाणार नाही. पाण्याला आडावरही नाही. कुणासमोर चालायचंच नाही मला आता, असं सांगून टाकलं.

१४ जानेवारी, संक्रांत

बायका तिळगूळ घेऊन आल्या. मी आतल्या खोलीत. डोकं दुखतंय तिचं, असं मायनं सगळ्यांना सांगितलं. डोकं! बायकांना काय कळत नाही का कुठलं दुखतंय ते.

१६ जानेवारी, शुक्रवार

दादा काल देवगाव फाट्याला जाऊन आले. आज जेवण झाल्यावर सुपारी कातरत सांगितलं — त्यांची अट आहे. जाखाई त्यांचं कुलदैवत, राणीसावरगावच्या पलीकडच्या डोंगरावर. नव्या सुनेनं पायी चढून देवीची ओटी भरायची असते. तर पोरीला आधी चढून ओटी भरून येऊ द्या, मग पुढचं बोलू.

अट! मी काय बैल आहे का, औताला जुंपून बघायला? आणि दादांनी काय केलं? ‘बरं’ म्हणाले! कापसाच्या काट्यावर वजनासाठी आडत्याशी दिवसभर भांडणारा माझा बाप. तिथं मुकाट्यानं ‘बरं’ म्हणून आला!

भांडले. लय भांडले. दादा आवाज चढवेनात, त्याचा आणखी राग आला. शेवटी म्हणाले, "तुला जमत नसंल तर ऱ्हाऊ दे. तसं कळवतो त्यांना."

जमत नसंल!

ठरलं. चढणार. ओटी भरणार, खाली येणार, आणि त्या चांगुणाबाईच्या तोंडावर नकार देणार. वाक्यसुद्धा तयार आहे — तुमचा डोंगर चढले, पण तुमच्या घराची पायरी चढणार नाही. नकार देईन तर चढून देईन. न चढता दिला तर लंगडीला जमलं नाही म्हणतील.

१९ जानेवारी

बालवाडीत गेले. सरळ वाटेनं नाही, कालव्याच्या भरावावरून, चढ-उतार करत. सराव नको का? कापूस वेचणाऱ्या बायका उभ्या राहून बघायल्या. बघा म्हणावं.

२१ जानेवारी

पाय सुजलाय. माय तेल चोळता चोळता म्हणाली, तू चालायला शिकलीस तीच रागानं. ताप गेल्यावर तू जागची हलेनास, तर दादा तुझ्यासमोर गुळाचा खडा ठेवायचे, हात पुरणार नाही असा, आणि खुशाल शेतात निघून जायचे. तू रडायचीस, मग चिडायचीस, आणि सरकत सरकत जाऊन तो खडा घ्यायचीस.

कसला बाप! लेकराच्या हातात द्यायला काय झालं होतं? मी असं म्हटल्यावर माय खाली मान घालून हसली. तिला हसायला काय झालं, देव जाणे.

२५ जानेवारी, रविवार. राणीसावरगाव

हे मावशीच्या ओसरीवर लिहायलेय. नर्मदामावशी पाय शेकायला पाणी तापवतेय.

कालच आलो. गंगाखेडच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसलो. भिंतीवर नामांतराची घोषणा, तिच्यावर कुणीतरी चुना फासलेला, चुन्याखालून अक्षरं दिसतातच. दादांना म्हटलं, त्यांच्यातलं कुणी बघायला येणार आहे का? नाही म्हणाले. मग चढलो हे त्यांना कळणार कसं? "मी सांगंन की." माझ्या बापाच्या शब्दावर एवढा विश्वास, आणि माझ्या पायावर नाही!

सकाळी निघालो. पायऱ्या नाहीतच. नुसता मुरूम आणि काळे दगड, मधे काटेरी साबर, आणि कुसळं पातळात घुसतात ती वेगळीच. खालचा चढ बरा होता. निम्म्यावर एकदम उभा झाला. तिथं चप्पल तुटली, म्हणून दोन्ही काढून टाकल्या. डाव्या पायानं पाऊल वर पडेना. मग लाज सोडली. गुडघ्याला दोन्ही हातांनी धरायचं, पाय उचलून दगडावर ठेवायचा, मग उजव्यानं जोर लावायचा. कुठं बसून, हातावर भार देऊन सरकले. तळहात सोलले. चांगुणाबाईला आईमाईवरून शिव्या देत चढले — देवीच्या वाटेवर! जाखाईनं ऐकल्या असतील तर ऐकू दे, तिचीच माणसं आहेत.

आणि दादा? ओटीचं गाठोडं घेऊन सगळी वाट माझ्या मागं. एकदाही पुढं होऊन हात दिला नाही. एका घसरणीला मी ओरडले, तुमी बाप हाव का कोण? तर खालूनच म्हणाले, "चढ तू. मी हाय माघं." धाप लागली होती त्यांना, विडी ओढून ओढून छातीचा भाता झालाय.

वर पोचले. देऊळ कसलं, चार दगड आणि शेंदूर. पण वारा! आणि खाली सगळी हुरड्याला आलेली ज्वारी, नदी, एसटीचा रस्ता. एवढ्या उंचावरून मी कधी काही बघितलंच नव्हतं. नेहमी कुणीतरी सांगायचं वरून काय दिसतं ते. ओटी भरली. खण, तांदूळ, हळकुंड, नारळ. मागितलं काही नाही. मला रडू आलं आणि त्याचाही रागच आला.

दादा दगडावर बसून डोळे पुसत होते. घाम गेला म्हणाले डोळ्यात.

उतरताना जास्त हाल झाले. त्याचं लिहीत नाही.

३० जानेवारी

त्यांचा निरोप नाही. दादांना विचारलं तर म्हणतात, येईल. एवढं चढवलं आणि आता निरोप द्यायला वेळ नाही यांना! माझं वाक्य तोंडात आंबायला लागलंय.

६ फेब्रुवारी

निरोप नाही. बालवाडीची पोरं कालव्यावर माझ्याबरोबर येतात आता. गुडघ्यावर हात ठेवूनच चालते, कुणी का बघेना.

१४ फेब्रुवारी, शनिवार

खडू आणायला परभणीला गेले होते. स्टँडवर चांगुणाबाई भेटली. तिला गाठलं आणि पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. तर ती म्हणाली,

"कोणता डोंगर गं बाई? आमची देवी तर गावातच हाय, पारापाशी. आन् तुझे वडील आले होते तवाच आमी नाही म्हणून सांगितलं त्यांना."

रागारागातच घरी आले. दादा अंगणात तुरीच्या पेंढ्या बांधत होते. बोलायचं लय होतं. विचारलं एवढंच — "दादा, जवळपास दुसरा एखादा डोंगर हाय का?"

वर बघितलं नाही त्यांनी. "जिंतूरकडं लय हायत की," म्हणाले.