विहिरीची चढती रेघ

पिंपरी पेंढार, मंगळवार, एप्रिल २००४

हिचा खोकला कमी, सूनबाई बरी, माझे गुडघे जैसे थे.

काठापासून पाण्यापर्यंत दोरी सोडून बारा वर्षं विहीर मोजली. कॉम्प्युटरवर त्याचा आलेख काढला, तर पाणी खोल जाईल तशी रेघ वर चढते! रेघ उलटी कशी करायची, हे प्रोग्रामवाल्यांना ईमेलनं विचारलं. आठवडा झाला, उत्तर नाही. आधी त्यांच्या घरच्यांची खुशाली विचारली, ते चुकलं का?

आज ग्रामसभेत तीच रेघ दाखवावी लागली. सरपंच हसले, "नाना, पाणी तर लई वाढलंय की राव! आन् तुमी म्हणता बोअर नको?" मी समजावत बसलो. पालथ्या घड्यावर पाणी.

उद्या विहिरीशेजारी बोअरची गाडी येणार. तरी आत्ता पुन्हा लिहिलं: बाबांनो, लवकर कळवा; गाडी येऊन गेल्यावर रेघ सुलटी होऊन काय करू?